तुझ्यापाशी उरलेला शब्द

आई, आज गांधीबागेत साडी घेताना दुकानातली मुलगी म्हणाली, "ताई, हा रंग नाही, यातच ॲडजस्ट करून घ्या," आणि तुला लिहावंसं वाटलं. कुहीहून लग्न होऊन नागपुरात आलीस तेव्हा तुला इंग्रजी येत नव्हतं. ॲडजस्ट हा शब्द तू सिटी बसमध्ये उचललास, दोघींच्या सीटवर तिसरी बसताना. मग तो घरभर झाला. पाहुणे वाढले की वरणात पाणी घालून ॲडजस्ट, माझा शाळेचा स्कर्ट आखूड झाला की दुमड उसवून ॲडजस्ट. लग्नानंतर अमरावतीला नवऱ्याने पहिल्यांदा माझ्यावर हात उचलला, त्या दुपारी मी तुला फोन केला. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "थोडं ॲडजस्ट करून घे वं बाई." फोन ठेवून मी कणीक मळायला घेतली.

पुढे तुला लकवा मारला आणि मी नागपुरात नंदनवनच्या घरी तुझ्याजवळ येऊन राहिले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, उरला तो हाच एक शब्द. पाणी हवं असलं तरी ॲडजस्ट, उशी टोचली तरी ॲडजस्ट, बाबांच्या फोटोकडे बघून रडतानाही तोच. डॉक्टर म्हणाले, या आजारात असं होतं कधीकधी. काय हवंय ते मी तुझ्या आवाजावरून ओळखायला शिकले.

मग नवरा मला न्यायला आला. तुझ्या पलंगाजवळ खुर्ची ओढून अगदी नरम आवाजात म्हणाला, "आई, हिले आता पाठवा." तू त्याच्याकडे बघितलंस, डाव्या हाताने माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "ॲडजस्ट." तो हसला. आईही तेच सांगून राहिल्या, म्हणाला. पण तुझी मान नाही-नाही अशी हलत होती आणि बोटं सुटत नव्हती. मी येणार नाही, असं मी त्याला तिथेच सांगितलं. तो चहा न पिताच उठला. त्या उन्हाळ्यात तू गेलीस.

एवढी हिंमत कुठून आली, असं बायका अजून विचारतात. आईने सांगितलं, म्हणते मी.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. त्या दुखण्यात तुझी मान अधूनमधून आपोआपच हलायची, जेवताना, झोपेतसुद्धा. मला ते माहीत होतं. तरी त्या दिवशी तू नाहीच म्हणालीस, असं मी धरून चालले आहे.