नांदेडची लाइन

४ एप्रिल
नांदेडची (ना.) इंटरनेट लाइन आज पुन्हा गेली. रस्त्याचं काम चालू आहे, पोकलेनवाल्याला जमिनीखालची केबल म्हणजे गवताचं मूळ वाटतं. सगळं हिंगोलीच्या (हिं.) लाइनवर सरकायला थोडा वेळ लागतो, आणि सरकलं न सरकलं तोच नांदेड परत येतं, की पुन्हा सगळं तिकडं. या खोखोमध्ये आडतीतला हळदीचा ऑनलाइन लिलाव ऐन बोलीत अडकला. दुकानदारांनी फोनवर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

६ एप्रिल
गावाला इंटरनेट पुरवायच्या आमच्या कंपनीत माझे भागीदार वाजिदभाई. आज शांतपणे म्हणाले, "मामू अपनी जगह, लाइन अपनी जगह." म्हणजे हिंगोलीची लाइन आधी धरायची, नांदेड मागं, अडीनडीला.
राउटरमध्ये एक ओळीचं काम. प्रत्येक लाइनला पसंतीचा आकडा असतो, ज्याचा मोठा तिकडून बाहेर जायचं. नांदेडला २००, हिंगोलीला १००, हे मीच पहिल्या दिवशी घालून ठेवलंय. कारण नांदेड म्हणजे दिगंबरमामा, आईचे धाकटे भाऊ. बी.एस्सी. होऊन मी कळमनुरीत माशा मारत बसलो होतो आणि इथं लाइन द्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा मामांनी केबल टीव्हीचा धंदा बाजूला ठेवून नांदेडहून डोंगरकडा गावावरून इथपर्यंत वायर ओढली. ती लाइन आमच्यासाठीच. आम्ही सोडली तर तिच्यावर डोंगरकड्यातली चार घरं.
हात होत नाही.

९ एप्रिल
केलं. दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, चोरासारखं. हिं. २००, ना. १००. मामांना सांगितलेलं नाही. रविवारी त्यांचा आईला फोन येतो, तेव्हा सांगीन.

१३ एप्रिल
रविवार. फोन आला. मी अंघोळीला गेलो. नळ सोडून नुसता उभा होतो आत. एवढा मोठा बाप्या मी.

१५ एप्रिल
अर्धंच काम झालंय, हे आज कळलं. तो आकडा फक्त बाहेर जाणाऱ्या डेटाला लागू. येणारं सगळं अजून नांदेडवरूनच. आणि लोकांचं जास्त येणारंच असतं, व्हिडिओ, पिक्चर. जाणारं म्हणजे चिमूटभर. केबल परत तुटली, लिलाव परत अडकला. वाजिदभाईंनी कपाळावर हात मारला. इतकी वर्षं या कामात आणि ही अक्कल.

१६ एप्रिल
मामांचा फोन. घेतला.
"तुझ्याकडून काहीच येऊन नाही राहिलं. माझ्याकडून बराबर जाऊन राहिलं. एखादी तार गेली वाटतं. सकाळपासून डोंगरकड्याच्या रस्त्यानं जोड तपासून राहिलो."
बाहेर डोकं फुटेल असं ऊन. मामांना शुगर आहे. आणि एक तार जरी गेली तरी अख्खी लाइन बसते, अर्धी चालत नाही. मला माहीत आहे, त्यांनाही माहीत असणार. पण दुसरं काही कारण असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही.
मी म्हणालो, बघतो.
एवढंच बोललो. संध्याकाळपर्यंत त्यांनी वाटेतल्या सगळ्या पेट्या उघडून पाहिल्या.

१९ एप्रिल
येणारं वळवायचं तर बाहेरच्या जगाला पटवावं लागतं की नांदेडवरून लांब पडतं. रीत अशी की नांदेडकडं आपला पत्ता पाठवताना आपल्याच नेटवर्कचा नंबर तीन-चारदा लिहायचा. बाहेरच्यांना वाटतं, वाटेत तेवढे मुक्काम आहेत. मग ते हिंगोलीची वाट धरतात. मुक्काम नसतातच. सगळे करतात, गैर काही नाही.
पण ते सगळ्यात आधी वाचणार मामांचाच राउटर.
लिहिलं. तासाभरात ना. वरून येणाऱ्या डेटाचा आलेख खाली बसला. मामांना फोन करावा म्हणून हातात घेतला, मग खाली ठेवला.

२० एप्रिल
आज रविवार असून फोन आईला नाही, मला. त्यांच्या ऑफिसात कुणीतरी मामांना तो तीन-चारदा लिहिलेला नंबर वाचून दाखवला असणार. आवाज चढलेला नव्हता. ओरडले असते तर बरं झालं असतं.
"मला सांगितलं असतं तर म्या सोताच म्हणलो असतो, हिंगोली धर. उन्हात काहून हिंडवलंस रे?"
मी लिलावाचं सांगू लागलो, पोकलेनचं, दुकानदारांचं. सगळं खरं होतं आणि त्यातलं एकही त्यांनी विचारलेलं नव्हतं. "व्हय," म्हणाले आणि ठेवला.

२४ एप्रिल
लिलाव सुरळीत. तक्रारीचा एक फोन नाही. आडतवाल्यांनी वाजिदभाईंना बसवून चहा पाजला. मलाही बोलावणं होतं, गेलो नाही. जेवण जात नाही दोन दिवस. हिला वाटतं उन्हाळा बाधला.

२७ एप्रिल
ना. लाइन बंद. पोकलेन असेल म्हणून बघायला गेलो तर केबल शाबूत, फायबरमधून प्रकाश नीट येतोय. फक्त मामांनी त्यांच्या राउटरचं आमच्याशी बोलणं बंद केलंय. स्क्रीनवर तसं स्पष्ट येतं, समोरच्यानं बंद केलं म्हणून. आता हिं. एकटी. ती बसली तर मागं कुणी नाही. वाजिदभाई दोनदा म्हणाले, फोन करो.
आईला मात्र सकाळी त्यांचा फोन येऊन गेला. गुडघ्याचं विचारलं, शेवग्याच्या शेंगा पाठवतो म्हणाले. माझं काही विचारलं का, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं.
"तुझं न्हाई काढलं. काहून, काही झालं का?"
न्हाई म्हणालो.
माझ्या बाजूनं मी बंद केलेलं नाही. आमचा राउटर थोड्या थोड्या वेळानं नांदेडला हाक घालतो, उत्तर येत नाही, पुन्हा घालतो. वाजिदभाई म्हणतात, ते तरी थांबव, उगाच नोंदी भरतात. थांबवायला हवं. आज नको.