घंटेआधीचा घास

७ ऑगस्ट

प्रिय माऊ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि छोटीचा फोटो मिळाला. दोन दात आले की माणूस कसा हसरा दिसायला लागतो! तू पण अशीच होतीस. फोटो आरशाच्या कडेला खोचून ठेवलाय. जावईबापूंचा खोकला थांबला असेल असं समजतो.

इकडे आम्ही ठीक. फोन सोडून बाबा पत्र का लिहितात, असं म्हणशील. फोनवर आपलं बोलणं 'जेवलात का, झोपलात का' याच्यापुढे जात नाही, आणि नेमकी तेव्हाच छोटी रडायला लागते. दुपारच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये रिकाम्या बसमध्ये बसून लिहिलं की बरं वाटतं.

बातमी म्हणजे माझी ड्यूटीची वेळ बदलली. शाळेत मागच्या वर्षापासून सकाळचा नाश्ता सुरू झालाय, तुला सांगितलं होतं. दूध, पाव, उकडलेलं अंडं, केळं. सगळं फुकट. पण खायला येतं कोण, तर शाळेजवळ राहणारी चार पोरं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ती गोदामांमागच्या वस्तीतली मुलं माझ्या बसने येतात, आणि माझी बस फाटकातून आत शिरते तेव्हा घंटा वाजत असते. इथेच घोडं पेंड खात होतं. स्वयंपाकघर सांभाळणारी मावशी रोज अर्धी अंडी तशीच परत न्यायची. मग वरच्या ऑफिसातून निरोप आला की खाणारी मुलं वाढली नाहीत तर हे सगळं बंद.

मोठ्या बाईंनी मला बोलावलं आणि विचारलं, "पाऊण तास आधी निघाल का?"

विचार करून सांगतो, असं म्हणणार होतो. पण त्याच सकाळी एक मुलगी बसमधून उतरताना पायरीवर कोसळली होती. तिसरीतली. मी उचललं तर हातांना वजनच लागेना. मावशीने साखर घातलेलं दूध पाजलं तेव्हा कुठे डोळे उघडले. काय खाल्लं होतंस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "काल दुपारी शाळेत जेवले की." मग काय, बाईंना हो म्हणून आलो.

तुझी आई बरी आहे. फोनवर येत नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तिला हल्ली फोनचा कंटाळा आलाय.

तुझे बाबा


२१ सप्टेंबर

प्रिय माऊ,

आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. थकतो गं हल्ली. अंधारात उठायचं, आधी घरचं आवरायचं, मग बस काढायची. दुपारी स्टिअरिंगवर डोकं टेकलं की तिथेच डुलकी लागते.

नाश्त्याला लहान मुलं मात्र येऊ लागली, खोली भरायला लागली. मोठी येत नव्हती. सातवी-आठवीतली पोरं फाटकापाशी घुटमळत राहायची, पोटात कावळे ओरडत असले तरी. त्यांनी त्या खोलीला नाव ठेवलं होतं, 'भिकार खोली'. तिथे कोणी दिसलं की त्याला वर्गात दिवसभर ऐकून घ्यावं लागायचं. त्या वयात भुकेपेक्षा लाज मोठी.

मग एक गंमत झाली. मावशी एकदा मला म्हणाली, "ड्रायव्हरसाहेब, तोंड किती उतरलंय तुमचं. बसा, दोन घास खा." बसलो. बाक एवढासा, माझे गुडघे हनुवटीला लागत होते. दुसऱ्या दिवशीही बसलो, आणि मग रोजच बसायला लागलो. आठवीतली एक उंच मुलगी खिडकीतून हे बघत होती. तोंडाळ म्हणून तिची ख्याती. एक दिवस आत आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "काका, तुमच्या पण घरी काही नसतं का?"

मी म्हटलं, "असतं गं सगळं. करून घालणारं कोणी नसतं."

तिने ताटातलं एक अंडं उचललं. मग म्हणाली, "आमच्याकडे उलटं आहे," आणि माझ्यासमोर बसून अंडं सोलायला लागली. तिच्यामागून तिची सगळी टोळी आत आली. आता जागा पुरत नाही, पोरं जिन्यावर बसून खातात. मोठ्या बाई खूश आहेत.

करून घालणारं कोणी नसतं, हे मी आपलं बोलून गेलो. आई सकाळी झोपलेली असते, इतकंच. छोटीसाठी तिने विणायला घेतलेल्या स्वेटरचं तू विचारलंस. लोकर आहे घरात. विणणं जरा मागे पडलंय.

बाबा


३० ऑक्टोबर

प्रिय माऊ,

हे पत्र छोटी झोपली की मगच वाच.

दोन पत्रं लिहिली, पण तुला ताकास तूर लागू दिली नाही. आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही. अख्ख्या बसने पाहिलं.

तुझ्या आईला विसरायला होतं. आधी चष्मा, किल्ल्या, गॅसवरचं दूध. मग वार. आता माणसं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे दुखणं वाढतच जाणार. तेव्हा तुझे दिवस भरत आले होते, तुला काय सांगणार? मग बाळंतपण झालं, मग तुझी नवी नोकरी. झाकली मूठ तशीच झाकून ठेवली. फोनवर हे बोलता येत नाही, कारण ती समोरच बसलेली असते. बाकी काही कळो न कळो, आपल्याविषयी बोलणं चाललंय हे तिला बरोबर कळतं.

पूर्वीच्या वेळेला मी निघायचो तेव्हा शेजारची शिंपीण उठलेली असायची. आईला तिच्याकडे बसवून जायचो. नव्या वेळेला तिचं दार बंद. रोज तिची झोपमोड कशी करायची? मग मी आईला चहा-पाव द्यायचो, तोंड पुसायचो, पुन्हा अंथरुणावर बसवायचो आणि बाहेरून कडी घालून निघायचो. पहिल्या दिवशी गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा मागे वळून पाहिलं. नंतर सवय झाली. सवय झाली, हेच लिहायला जड जातंय.

तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी बस भरून येत होतो. आपल्या गल्लीच्या तोंडाशी वळलो तर थांब्यावर आई उभी. अंगात माझं जॅकेट, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात माझी. मागच्या दाराची कडी ढिली झाली होती. आज करू, उद्या करू म्हणून राहून गेली होती. मी ब्रेक लावला, दार उघडलं. ती चढली, पहिल्या सीटवर नीट बसली आणि मला म्हणाली, "अहो, शाळा अजून लांब आहे का? मुलगी काही न खाता गेलीय."

माऊ, तिने मला जन्मभर 'अहो' म्हणूनच हाक मारली. पण हे 'अहो' रस्त्यातल्या परक्या माणसाला म्हणतात ते होतं.

मागची पोरं सीटवरून उठून बघायला लागली. तेवढ्यात ती आठवीतली तोंडाळ मुलगी मागून उठून आली आणि आईशेजारी बसली.

"जवळच आहे, आजी. शाळेत नाश्ता मिळतो. खाऊन घेईल ती."

"सगळ्यांना मिळतो?"

"जे येतात त्यांना सगळ्यांना."

आईने जरा विचार केला. म्हणाली, "ती नाही यायची. लाजाळू आहे. मागणार पण नाही. तिच्या पुढ्यात नेऊन ठेवायला सांगा."

तिच्या हातात कागदाची पुडी होती. त्यात पावाचा तुकडा आणि साखर, तुझ्यासाठी.

शाळेत मावशीने तिला खोलीत बसवून घेतलं. तिने स्वतः खाल्लं आणि शेजारच्या लहान पोरांना अंडी सोलून दिली. मी दाराशी उभा होतो. मोठ्या बाई आल्या. त्यांना सगळं सांगितलं, बसमधलं बोलणंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरी असं आहे हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मुलांचं विचारलं होतं, बाई. माझं कोणी विचारलं नव्हतं."

असं तोडून बोलायला नको होतं. त्या बिचाऱ्यांचा तरी काय दोष? मी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो.

संध्याकाळी शिंपिणीला सांगितलं तर तिने मशीन थांबवलं. मग म्हणाली, "भाऊ, पहाटे कसला आवाज येतो ते आज कळलं. तुम्ही गेल्यावर त्या दार वाजवत असतात."

त्यानंतर मी बाहेरून कडी घातलेली नाही.

बाईंनी आठवड्याच्या आत सगळं फिरवलं; तोवर शिंपीण पहाटे उठून आईजवळ बसायची. आता बस जुन्याच वेळेला निघते आणि नाश्ता घंटेनंतर टोपल्यांतून वर्गावर्गात जातो, प्रत्येकाच्या बाकावर. गणिताच्या सरांनी कुरकुर केली. बाकांवर चुरा, वर्गात अंड्याचा वास, तास वाया जातो वगैरे. बाई म्हणाल्या, "उपाशी पोरांपुढे तो तसाही वायाच जात होता, सर." पहिल्याच दिवशी दूध सांडलं, मुंग्या झाल्या. पण घरच्या गाडीतून उतरणारी पोरंही आता त्याच टोपलीतलं केळं खातात. पोरं ज्या खोलीला नावं ठेवायची, ती खोलीच राहिली नाही. मावशीच्या टोपल्या रिकाम्या परत येतात. वरच्या ऑफिसानेही आता नाश्ता चालू राहील म्हणून कळवलंय.

मला माझा पाऊण तास परत मिळाला. तेवढ्याने दिवसभराचं भागत नाही मात्र. शिंपीण दुपारपर्यंत आईला सांभाळते, पण तिचं मशीन आहे, गिऱ्हाइकं आहेत. किती दिवस तिच्या चांगुलपणावर रेटायचं? आई कधी दिवसभर शांत असते, कधी जेवणाचं ताट लोटून देते. काल मला 'तुम्ही घरी जा आता, तुमची माणसं वाट बघत असतील,' असं म्हणाली.

तू दर वेळी 'येऊ का' विचारतेस आणि मी दर वेळी 'कशाला धावपळ करतेस' म्हणतो. ते खोटं होतं. ये. मिळेल तेवढी सुट्टी काढून ये, छोटीला घेऊन ये. आई तुला ओळखेलच असं नाही, मनाची तयारी ठेव. शेजारची कोणी समजेल, नाहीतर पाहुणी. पण काही खाल्ल्याशिवाय तुला जाऊ देणार नाही.

पुढे काय करायचं ते समोरासमोर बसून ठरवू. मला आता एकट्याने होत नाही, माऊ.

तुझी वाट बघणारा, दमलेला,
तुझा बाप