गच्चीवरचा परकर आणि आईची कात्री

चि. धाकटीस,

थोरलीचे आशीर्वाद (नको असतील तर परत पाठव, टपाल हल्ली माझ्या दारात येतं). तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्यापेक्षा बरे. आई गेल्यावर तिची शिवणाची कात्री हरवली, ती मीच दडपली म्हणून तू अबोला धरलास, त्याला अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात तुझा भाचा न्यायाधीशाचा राज्यपाल झाला, म्हणून मीच लिहिते.

शपथेला तो आत आला तशी सगळी सभा उभी राहिली. मी बसूनच. गणवेशातला अधिकारी कानाशी म्हणाला, "आजी, उभं राहायचं असतं." म्हटलं, त्याला उभं राहायला मीच शिकवलंय. (मग राहिले उभी. पुढच्या बाईच्या अंबाड्यामुळे तो दिसेना.)

बंगल्याला बत्तीस खोल्या, पण परकर वाळत घालायला जागा नाही! मी गच्चीवर झेंड्याशेजारी दोरी बांधली, तर तो अधिकारी याच्याकडे तक्रार घेऊन गेला. दुसऱ्या कोणाचा मुलगा आईच्या बाजूने बोलला असता, नाहीतर बायकोच्या. यानं चहा बाजूला सारला, त्याचं ऐकलं, माझं ऐकलं, "निकाल उद्या" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी तीन पानं लिहून मला हरवलं! सव्वीस वर्षं कोर्टाची खुर्ची झिजवली, ना मंत्र्याला भ्याला ना सासऱ्याला, तो परकराला भिणार होय? ती तीन पानं मी उशीखाली ठेवलीत. (नात म्हणते, "आजी, अगं तू हरलीस." तिला काय कळतंय!)

आता त्याला निकाल द्यायचे नसतात, नुसत्या सह्या. पण कैद्याची शिक्षा माफ करता येते म्हणे. परवा तसाच एक अर्ज आला होता, तो दोनदा वाचत बसला.

तब्येतीला जप. भांडायला तरी ये.

तुझी थोरली

ता.क. कात्री हरवली नव्हती. याचा वकिलीचा पहिला काळा कोट मी तिनेच बेतला होता, त्यामुळे ती तुझ्या हाती द्यायला जिवावर आलं. परवा त्याला म्हटलं, मलाही माफ कर, मार सही. म्हणाला, "आई, हा अर्ज माझ्याकडे चालत नाही. मावशीकडे कर." तर हा तो अर्ज.

ता.क. दुसरा. कात्री पोस्टाने मिळणार नाही, येऊन घेऊन जा. धार लावून ठेवलीय. परकर चार आण, दोरीची जागा आता मागच्या अंगणात मिळालीय.