फिल्टर साहेब स्वतः धुतात

५ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार.

गरम पाण्याचा टब केवढ्याला पडला असं तू विचारलंस. पावतीवरचा आकडा ह्यांना विचार, पाहुण्यांना ते तो चहाच्या आधी सांगतात. मला पडला तो असा. मागच्या अंगणातली कपडे वाळत घालायची तार गेली, कारण टब नेमका तिथेच शोभतो असं ठरलं. मागचं फाटक बिजागरीसकट गेलं, कारण त्यातून टब आत येईना. शेजारीणबाईंशी बोलणं गेलं, कारण टबवाल्यांचा ट्रक मागे येताना त्यांच्या कुंपणात शिरला आणि ह्यांनी ते कुंपणच नियमापेक्षा पुढे असल्याचं तिथल्या तिथे सिद्ध केलं. आणि माझी रविवारची दुपारची झोप गेली, ती कशी ते सांगतेच.

एवढं देऊन मिळालं काय, तर माझा उजवा हात. खांदा आखडल्यापासून तो कोपराच्या वर जाईना हे तुला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की रोज गरम पाण्यात बसा आणि बसल्या बसल्या हात वर नेत जा. दादा, हात कानापर्यंत आला! आणखी थोडा वर जाऊन मागे वळला की माझी वेणी मी घालणार होते. तोवर ती हे घालतात. हसू नकोस. फाईलला नाडी बांधावी तशी घालतात, गाठीवर अंगठा दाबतात आणि पुढची फाईल पाठवा अशा चेहऱ्याने दाराकडे बघतात.

पण आता पाणी तांदूळ धुतल्यासारखं गढूळ झालंय. टबाच्या कडेला एक झाकण आहे, त्याखाली विहिरीसारखा खोल खळगा आणि त्यात फिल्टर. कागदाचा पंखा गोल गुंडाळावा तशा त्याला चुण्याच चुण्या. पाणी त्यातून फिरतं, घाण चुण्यांत अडकते. फिल्टर तुंबला की पाणी फिरत नाही आणि पाणी फिरलं नाही की हीटर आपला आपण बंद होतो. इतकं मला टब बसवायला आलेल्या माणसाने सांगितलं. तो पुढेही सांगणार होता, पण आपण पाणीपुरवठा खात्यात साहेब होतो असं ह्यांनी त्याला ऐकवलं, तेव्हा बिचाऱ्याने हत्यारं गोळा केली.

तेव्हापासून दर रविवारी जेवणं झाली की फिल्टर धुण्याचा सोहळा. हे हाफ पँट आणि निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ घालून उभे. मी बादली धरायची, मी टॉवेल धरायचा, बटण बंद केलंय का ते मीच बघायचं. मग तारेच्या ब्रशाने त्या फिल्टरला असं खरवडतात की जणू त्याने लाच खाल्ली आहे. आणि हीटर सोमवारी पुन्हा बंद. आठवडा झाला, मी कोमट पाण्यात कुडकुडते आहे. मिस्त्री बोलवू म्हटलं तर म्हणाले, ज्या घरात मी आहे त्या घरात पाण्यासाठी बाहेरचा माणूस?

तू आयुष्यभर गावाचे कपडे धुतलेस. तुझं तरी ऐकतील. फोनच केला असता, पण फोनवर हे शेजारी बसून माझी वाक्यं दुरुस्त करतात.

वहिनीला माझी आठवण दे आणि माझ्यावरची माया कोमट होऊ देऊ नकोस.

तुझी,
बारकी

९ फेब्रुवारी

आदरणीय दादा यांस,
स. न. वि. वि.

सौ.ने आपणांस पत्र पाठविल्याचे समजले. त्यातील मजकूर मला माहीत नाही, तथापि त्याचा मी इन्कार करतो.

वस्तुस्थिती अशी की टब उत्तम चालू आहे. पाणी थोडे पांढरट दिसते ते उजेडामुळे. हीटर मधूनमधून बंद होतो ही विजेची बचत आहे आणि मी तिचे स्वागत केले आहे. सबंध शहराचे पाणी माझ्या सहीने सुटत असे, हे आपण जाणताच. त्या अनुभवापुढे सहा माणसांचा टब म्हणजे काय? कंपनीने सोबत एक जाडजूड माहितीपुस्तिका दिली आहे. ती ज्यांना प्रशासनाचा अनुभव नाही अशांसाठी असावी. मी तिच्यावर साबणदाणी ठेवतो.

फिल्टर मी स्वतः धुतो, नोकरमाणसावर सोडत नाही. आपणांस खात्रीने सांगतो की या टबातील एकही भाग असा नाही, जो माझ्या हाताखालून गेलेला नाही.

सल्ला मागण्यासाठी हे पत्र नाही. मात्र हॉटेलांचे टेबलक्लॉथ आपण इतके शुभ्र कसे काढता, याविषयी केवळ कुतूहल म्हणून दोन ओळी लिहिल्यास वाचेन. आपली प्रकृती सांभाळावी व आमच्यावरील कृपादृष्टी पूर्ववत चालू ठेवण्यात यावी.

आपला नम्र,
मेव्हणा

१४ फेब्रुवारी

प्रिय मेव्हणेसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र लाँड्रीत मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्या इस्त्र्या थांबल्या आणि एका वकिलाचा कोट तपकिरी झाला. असं मराठी हल्ली कोण लिहितं?

तुमच्या कुतूहलाचं म्हणाल तर मी जिन्याखाली एका बादलीवर धंदा सुरू केला, हे तुमच्या लग्नात तुमच्या काकांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतलं होतं. त्या बादलीत जी पावडर होती तीच आजही मशीनमध्ये जाते. मी स्वतः मिसळतो, कोणाला सांगत नाही. इस्पितळाच्या चादरी, खाटकाचे एप्रन, नाटकमंडळींचे रंगाने माखलेले सदरे, सगळं पांढरं करून परत पाठवलं. माझ्या पावडरीपुढे उभा राहिलेला डाग मी अजून पाहिला नाही.

तेव्हा एक डबा पाठवतो आहे. तुमचा फिल्टर म्हणजे शेवटी चुणीदार कापडच की. बादलीभर पाण्यात दोन मुठी टाका, रात्रभर बुडवून ठेवा आणि सकाळी बसवा. दुसरं काही करायला नको.

बारकीला सांगा, हात वर जाईपर्यंत भावाचा पिच्छा सोडू नकोस. आणि तुम्ही साहेब असलात तरी आमचे जावई आहात, एवढं विसरू नका म्हणजे झालं.

तुमचा,
दादा

२३ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार. आशीर्वाद नको, आधी उत्तर दे.

तुझ्या डब्यात काय होतं? दोन मुठींनी शहर पांढरं होत असेल तर चारांनी काय होईल असा विचार ह्यांनी केला, कारण तुझी मूठ आणि साहेबांची मूठ ह्यात फरक असणारच. फिल्टर रात्रभर बुडवला, सकाळी तसाच निथळून बसवला. माझा हात बघायला डॉक्टरीणबाई येणार होत्या. त्यांच्यासमोर ह्यांनी एखाद्या पुलाचं उद्घाटन करावं तसं बटण दाबलं.

आधी नुसता साय धरल्यासारखा फेस आला. डॉक्टरीणबाई छान म्हणाल्या. मग तो कडेवरून उतरला, पायऱ्या उतरला आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत आला. माझ्या चपला तरंगत फ्रिजपाशी गेल्या. हे छातीभर फेसात उभे राहून डॉक्टरीणबाईंना समजावत होते की हे पावडर कामाला लागल्याचं लक्षण आहे. त्यांची बॅग फेसात बुडाली तेव्हा त्यांनी लक्षणं बघायचं सोडलं. शेजारीणबाई कुंपणावरून इतक्या महिन्यांनी बोलल्या. तुम्ही टब धुताय की टब तुम्हाला, असं त्यांनी विचारलं.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण त्या दिवसापासून टब बंद आहे आणि हात उतरतो आहे. कानाजवळ होता तो खांद्यापाशी येऊन थांबला. काल कपाटातून वाटी काढताना डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना दाखवलं नाही, नाहीतर त्याचाही खुलासा मागतील.

आणि ह्यांनी निकाल दिला की टबच मुळात सदोष. त्यांच्या ऑफिसातला जुना हेडक्लार्क तो घ्यायला तयार आहे आणि पुढच्या रविवारी ट्रक घेऊन येतो आहे. मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. टब गेला तर हात आहे तिथेच राहणार आणि माझी वेणी जन्मभर खात्यामार्फत घातली जाणार. दादा, मला टब हवा आहे. काहीतरी कर.

चिडले आहे, पण तुझीच,
बारकी

२६ फेब्रुवारी

चि. बारकीस,
आशीर्वाद नको म्हणालीस तरी घे, मोठ्या भावाकडे दुसरं काही देण्यासारखं शिल्लक नाही.

तो फेस माझा. तुझं पत्र वाचून मी मशीनसमोर जाऊन उभा राहिलो. एकेका घाण्याला ती चार-चार वेळा खळबळते आणि पिळून काढते. मी मशीनला सांगत नाही, म्हणून साहेबांनाही सांगायचं सुचलं नाही. स्वतःच्या हाताने कपडा खळबळून मला किती वर्षं झाली, तेही आठवेना. शिवाय कपडा पिळता येतो, चुण्यांचा फिल्टर कोण पिळणार? पावडर चुण्यांत बसली ती बसलीच. तुझी वहिनी म्हणाली, तुमच्या पावडरीपुढे उभा राहिलेला पहिला डाग म्हणजे तुम्हीच.

आता ऐक. वीज बंद करून टब पूर्ण रिकामा कर. फिल्टर उभा धरून एकेका चुणीत नळीचं पाणी वरून खाली सोड, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. ब्रश लपव. माझा डबा कपड्यांना वापर, नाहीतर शेजारीणबाईंना भेट दे, बोलणं सुरू झालंच आहे.

पण माझ्या ह्या बोलण्यावरही फार विसंबू नकोस. साबणदाणीखालची पुस्तिका काढ आणि ती तू वाचू नकोस. तू वाचून सांगितलंस तर ती बायकोची सूचना होईल आणि फेटाळली जाईल. चष्मा सापडत नाही म्हण आणि साहेबांनाच मोठ्याने वाचायला सांग. तुमच्यासारखं खणखणीत वाचणारं घरात दुसरं आहे कोण, असं म्हण. त्यांना वाचून दाखवायला आवडतं, शिकायला आवडत नाही. तेव्हा आपण शिकतो आहोत हे त्यांना कळता कामा नये.

हेडक्लार्कचं मात्र तुलाच बघावं लागेल. लहानपणी माझ्या सायकलवर बसून तू उतरायची नाहीस, ते अजून येत असेल तर बघ.

तुझा,
दादा

३० मार्च

आदरणीय दादा यांस,
स. न. वि. वि.

टबाच्या प्रकरणात मधल्या काळात बरीच प्रगती झाली असून ती आपणांस कळविणे उचित वाटते.

ठरल्याप्रमाणे हेडक्लार्क ट्रक घेऊन आला. त्यावेळी टब रिकामा होता व सौ. हातात पुसण्याचे फडके घेऊन त्यात बसलेली होती. टब न्यायचाच असेल तर मालासकट न्यावा, असे तिने त्याला शांतपणे सांगितले. मी तिला उठण्याची विनंती केली, ती मान्य झाली नाही. ठरलेल्या मालात बाईंचा उल्लेख नाही, असे म्हणून हेडक्लार्क ट्रकसह परत गेला. तो माझ्या हाताखाली तयार झालेला आहे.

त्यानंतर सौ.चा चष्मा हरवल्यामुळे मला कंपनीची पुस्तिका मोठ्याने वाचावी लागली. भाषा सामान्य आहे, परंतु माझ्या वाचनामुळे ती बरी वाटली. पुस्तिकेत तारेच्या ब्रशाविषयी व कपड्यांच्या पावडरीविषयी जे छापले आहे, ते आपल्या भावना लक्षात घेऊन मी येथे देत नाही. मी वाचत गेलो, सौ. करीत गेली. फिल्टरसाठी वेगळे औषध मिळते, ते आणले. ब्रशाने जुन्या फिल्टरच्या चुण्या फाटल्या होत्या, त्यामुळे तो बदलला. पाणी भरले. हीटर त्या दिवसापासून बंद पडलेला नाही, त्यामुळे विजेची बचत थांबली आहे.

सौ. रोज संध्याकाळी पाण्यात बसते. मीही बसतो, देखरेखीसाठी. परवा तिने हात वर नेला, कानाच्या पुढे नेला, मागे वळवला आणि माझ्या देखत वेणी घातली. वाकडी होती. मी तसे निदर्शनास आणले नाही. सदर कामाचा पदभार माझ्याकडून काढून घेण्यात आला आहे. सकाळी उठल्यावर हातांना काही काम नसल्यासारखे वाटते, परंतु याची तक्रार नाही. चष्माही त्याच दिवशी तिच्या उशीखाली सापडला.

वहिनींना सांगावे की कोट जळालेल्या वकिलांबद्दल मला खेद वाटतो. आमच्याकडे येऊन एकदा टबात बसावे, पाणी आता खरोखरच स्वच्छ आहे. आपला स्नेह आम्हां उभयतांवर आहे तसाच ठेवावा, त्यात काहीही मिसळू नये.

आपला नम्र,
मेव्हणा

ता. क. सौ. म्हणते की हे मी स्वतःच्या हाताने लिहिल्याखेरीज पत्र पेटीत पडणार नाही, म्हणून लिहितो. पुस्तिकेत एके ठिकाणी ‘दोन्ही फिल्टर’ असे छापलेले आढळले. मला ती छपाईची चूक वाटली. सौ.ने खळग्यात खांद्यापर्यंत हात घातला. वरच्या फिल्टरखाली दुसरा फिल्टर होता, आणि तो अजून कारखान्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतच होता.