वड्यांची माळ

चि. शिवलीला, आशीर्वाद लिहिताना आज हात अडतोय.

विमानातून उड्या मारायचं शिकून स्पेनमध्ये तीच नोकरी करणार म्हणालीस, तेव्हा मी आपल्या चामराजपेटेतल्या मारुतीला एकशे आठ वड्यांच्या माळेचा नवस बोलले. तुला म्हटलं, यशासाठी बोलले. खरं मागणं वेगळं होतं. जीव सांभाळ, पण काहीही करून पोरीला घरी आण.

तेराव्या उडीला तुझा गुडघा मोडला. काल फोनवर रडत होतीस, "आई, डॉक्टर म्हणतात उड्या कायमच्या बंद. स्वल्प, जरा सांग ना तुझ्या मारुतीला, तुझं ऐकतो तो."

ऐकतो गं.

उडदाची डाळ भिजत घातली आहे. नवस फेडायलाच हवा, राहिला तर कोपेल तो, आणि तू अजून विमानानंच यायची आहेस. हे पत्र काही मी टाकणार नाही. तुला वाटेल, आई गुडघ्यासाठी माळ घालतेय.

तुझीच,
आई