गोठ्यातली स्पोर्ट्स कार

३ नोव्हेंबर
गाडी आली. दोन सीटची, हिरवी, उघड्या टपाची, वयाने माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. अख्ख्या पिरंगुटात अशी नाही. आपल्याकडे जमीन विकली की माणूस काळी एसयूव्ही घेतो आणि काचेवर आडनाव लिहितो. मी त्यातला नाही.
ठराव : ही गाडी शोभेची नाही. रोज कॉलेजात शिकवायला हिनेच जायचं. कॉलेज दीड किलोमीटरवर आहे. जुनी वस्तू वापरत राहणं हेच खरं पर्यावरण. यावर बोललं पाहिजे.
गाडी गोठ्यात ठेवली. जनावरं गेल्यापासून मोकळाच होता.

६ नोव्हेंबर
थंडीत इंजिन लगेच धरत नाही. चोक ओढून गोठ्यातच तापवावं लागतं. बापूंच्या, म्हणजे वडिलांच्या, खोलीची खिडकी गोठ्यात उघडते. गाय व्यायला झाली की अंथरुणातून दिसावी म्हणून त्यांनी स्वतःच काढून घेतलेली. हेमलता म्हणाली, अहो, निदान गाडी उलटी लावा, धूर बाहेर जाईल. तिला समजावलं की गाडीचं तोंड रस्त्याकडेच हवं, येणाऱ्याजाणाऱ्याने तिची पाठ का बघावी? ती म्हणाली, येणाऱ्याजाणाऱ्याला दमा नाही.
बायकोला सौंदर्यदृष्टी कमी.

१४ नोव्हेंबर
व्याख्यान : 'श्वास हा मूलभूत हक्क'. डोंगर फोडणाऱ्यांना नावं न घेता झोडपलं. टाळ्या. गाडी मुद्दाम सभागृहासमोर लावली होती. निघताना सुरू झाली नाही. विद्यार्थ्यांनी ढकलली. तरुणाई माझ्या पाठीशी आहे.

२२ नोव्हेंबर
इंग्रजी पुस्तकात वाचलं. लहान फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आत ओल राहते, तेल खराब होतं, सायलेन्सर आतून गंजतो. म्हणून लांब चालवावी, असं लेखक म्हणतो. लेखक कारण बरोबर देतो, निष्कर्षात चुकतो. उपाय सोपा आहे : निघण्याआधी आणखी वेळ तापवायची.
गॅरेजवाला विकी म्हणाला, "सर, एवढ्या वेळात चालत जाऊन डबा विसरला म्हणून परत आला असता." हसण्यावारी नेलं.

१ डिसेंबर
बापूंचा दमा वाढला. डॉक्टर म्हणाले, घरातला धूर बंद करा. मी तत्त्वाचा माणूस. त्याच संध्याकाळी अंघोळीच्या पाण्याची चूल बंद. देवापुढची उदबत्ती बंद. शेजारी ज्ञानदेव पाचोळा जाळत होता, त्याला चारचौघांत सुनावलं. तो म्हणाला, "सर, आदी तुमच्या गोठ्यात बगा की."
लोकांना मुद्द्यावर राहता येत नाही.

५ डिसेंबर
बापूंनी खिडकीला गोधडी लावली. थंडी आहेच यंदा. मला म्हणाले, "जयसिंगा, गुरांचा वास बरा हुता रं." जुन्या माणसांना बदल जड जातो.
ठराव : बापूंना गाडीतून लवासापर्यंत फिरवून आणायचं. इंजिन जरा मार्गी लागलं की लगेच.

१९ डिसेंबर
धाकटी बहीण शारदा उरवड्याहून आली आणि बापूंना घेऊन गेली. रिक्षातून. मला न विचारता. वर म्हणाली, "दादा, तुझी भाषणं लई ऐकली त्यांनी. आता जरा श्वास घिऊ दे त्यास्नी."
उरवड्याला! तिथे कारखाने आहेत. तिथल्या हवेवर मी दोन लेख लिहिले आहेत. आठ दिवसांत परत येतील.
एक बरं झालं. सकाळी गाडी निवांत तापवता येते.

२ जानेवारी
फोन केला. बापूंचा खोकला कमी झालाय. झोप लागते. कारखान्यांच्या शेजारी! औषध बदललं असणार. कधी येताय विचारलं, तर म्हणाले, "तुझी गाडी गोठ्यात हाय तवर न्हाई."
थट्टा करू लागले म्हणजे तब्येत सुधारतेय.
ठराव : रविवारी स्वतः आणायला जायचं. गाडीतूनच.

५ जानेवारी, रविवार
बॅटरी उतरली.

१२ जानेवारी, रविवार
सायलेन्सर गळून पडला. घोटावडे फाट्यावर, भर बाजारात. एक म्हातारा म्हणाला, "सर, तुमचं कायतरी पडलं." लोक का हसले कळलं नाही.

१९ जानेवारी, रविवार
व्याख्यान होतं. हेमलता एकटीच बसने उरवड्याला जाऊन आली. म्हणाली, बापूंचे पाय सुजलेत, फारसं बोलत नाहीत, पुन्हा दम लागतो, गुडघ्यांवर हात टेकून बसतात. माझी चौकशी केली का, विचारलं. म्हणाली, केली. मग स्वतःच म्हणाले, "तो यायचा न्हाई."
असं कसं? पुढचा रविवार आहे की.

२४ जानेवारी
पहाटे शारदाचा फोन. बापू गेले.
ज्ञानदेवने जीप काढली. हेमलता म्हणाली, चला, बसा. मी नाही म्हणालो. थोरला मुलगा शेजाऱ्याच्या जीपमध्ये मागे दाटीवाटीने बसून जाणार नाही. शिवाय बापूंना जिच्यातून फिरवायचं होतं, ती गाडी निदान आज त्यांच्या दारात उभी राहायला हवी. हेमलता मागे चढून बसली. मग जीप गेली.
मी गाडी तापवली. निघालो. उरवड्याच्या वाटेवर चढाला इंजिनातलं पाणी उकळलं आणि गाडी बंद पडली. ढकलायला कुणी नव्हतं. तिथेच सोडून चालू लागलो.

२५ जानेवारी
काल पुढचं लिहिणं जमलं नाही.
पोचलो तेव्हा अंगणात फक्त बायका होत्या. शारदा उंबऱ्यात बसली होती. तिने हाताने ओढ्याकडची वाट दाखवली.
माझ्यासाठी बराच वेळ थांबले होते म्हणे. ऊन चढलं, मग उचललं. मडकं तिच्या मुलाने, निषादने धरलं. अग्नीही त्यानेच दिला. मी ओढ्याकाठच्या स्मशानात पोचलो तेव्हा त्याचे केस ओले होते.
श्रद्धांजलीची भाषणं चालू होती. पंचक्रोशीत कुणीही गेलं तरी चितेसमोर बोलायला मला बोलावतात. मी पुढे जाऊन उभा राहिलो. सरपंच बोलले. मग सोसायटीचे चेअरमन बोलले, बापूंनी एकदा पुरात बैल कसा काढला ते सांगितलं. मला ते माहीत नव्हतं.
मी घसा साफ केला. सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दोन मिनिटं शांत उभं राहायला सांगितलं.
उभा राहिलो.