नुसता पाच बहुपदी आहे का?

अमरावती, ४ ऑगस्ट

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

वसतिगृहात फोन करताना मागं मुलींची रांग असते, रडता येत नाही, म्हणून लिहिते. बाईंनी फळ्यावर दोनचं वर्गमूळ गुणिले x लिहून ही बहुपदी आहे का, असं विचारलं. वर्गमुळाचं चिन्ह पाहूनच मी घाबरले, नाही म्हणाले. वर्ग हसला. तेव्हापासून गणिताच्या तासाला डोकं दुखतं सांगून खोलीत पडून राहते. पुढच्या आठवड्यात चाचणी आहे. नापास झालं तर इथली जागा जाते, असं खोलीतली चंदा म्हणते. आई, मले घ्याले ये. बाबा असते तर आलेच असते.

माया पातळ करू नको.
तुझी आचल

अकोला, ७ ऑगस्ट

चि. आचल,
अ. उ. आ.

बाबा आलेच असते, खरं आहे. मी येत नाही, कारण एकदा आणलं की तू परत जाणार नाहीस, याचंच मले भेव वाटते. घरात भांडं पडलं तरी मी दचकते. तुले कोणत्या तोंडानं धीर देऊ? म्हणून शेजारच्या अपेक्षाचं नववीचं पुस्तक मागून वाचलं.

आपल्या भाजीच्या गाड्यावर गिऱ्हाईक भेंडीचं टोक मोडून पाहते ना? जाडी नंतर. तसा तू आधी चलाच्या, म्हणजे x च्या, डोक्यावरचा घातांक पाहा. शून्य, एक, दोन, असा पूर्ण आकडा असला तर बहुपदी. काही लिहिलं नसलं तर एक समजायचा. x स्वतः वर्गमुळात असला तर घातांक अर्धा होतो, छेदात असला तर उणे. एका पदात जरी तसं निघालं, तरी बहुपदी नाही. तुझ्या फळ्यावर वर्गमुळात नुसता दोन होता बाई, x बाहेर मोकळाच होता. बहुपदीच होती ती. काहून एवढी घाबरलीस?

जेवत जा. रागावलीस तरी लिही.
तुझी आई, सुंदराबाई

अमरावती, १३ ऑगस्ट

तीर्थरूप आईस,
शि. सा. न.

तू आली नाहीस म्हणून फार राग आला होता. चाचणीला बसले. एकेका पदाचा घातांक पाहत गेले. शेवटच्या प्रश्नात नुसता 5. x कुठंच नाही! पेपर टाकून पळावंसं वाटलं. मग सुचलं, x चा घातांक शून्य असेल तर त्याची किंमत एक, पाच गुणिले एक पाचच, मग x दिसणार कसा? शून्यही पूर्णच. बाबाही दिसत नाहीत, तरी आहेतच, तशी त्यांची आठवण आली. बहुपदी आहे, असं लिहिलं.

निकाल अजून लागला नाही. भीती आहेच. उद्या गणिताचा तास पहिला आहे, मी जाणार आहे.

तुझीच आचल